वैजापूरच्या माळावर रुजू होणाऱ्या पुतणीला

पोरी, गौताळा अभयारण्य मागितलंस आणि वैजापूरकडचं बीट मिळालं, म्हणून तोंड पाडू नकोस. गौताळ्यात झाडी आहे, झरे आहेत, 2021 साली टिपेश्वर अभयारण्यातून वाघ चालत आला म्हणून गौताळ्याचं नाव पेपरात झळकलं. तुझ्या माळावर पेपरवाला फिरकणार नाही. पण तो वाघ गौताळ्यापर्यंत पोचला तो असलेच माळ, शेतं आणि नाले तुडवत, हे ध्यानात ठेव. मी वनखात्यात जन्म काढला, त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगतो.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी 700 मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तुझ्याकडे त्याहून कमी. नुसत्या सरासरीवर जाऊ नकोस. मृगात दोन सरी पडतात आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं ठाक. त्या खंडात काय तग धरतं ते बघ, तुझ्या बीटातलं खरं कोण आणि उपरं कोण ते कळेल. 1972 ला मी पोरसवदा होतो, 2012 ला नोकरीत होतो. दोन्ही दुष्काळांत माळ जळाल्यासारखा झाला होता, आणि दोन्ही वेळा पुढचा पाऊस लागताच गवत आपोआप उठलं. वर काडी नव्हती, पण मुरमात मुळं जिवंत होती.

गवताला म्हणूनच जप. कुसळीचं एक बी तळहातावर घे आणि त्यावर थुंकीचा थेंब टाक. पिळलेलं कुसळ हळूहळू उलगडायला लागतं आणि बी गोल फिरतं. सुकलं की परत पीळ घेतं. ओल-सुक, ओल-सुक करत ते गिरमिटासारखं जमिनीत शिरतं आणि पुढच्या मृगापर्यंत तिथंच दबा धरून राहतं. बी झडायच्या आत कुणी कापणी लावली किंवा गुरं सोडली, तर पुढच्या वर्षाचं बियाणंच गेलं. कापायचं तर बी झडल्यावर, आणि बुडखा राखून.

माळ रिकामा दिसतो म्हणून लोकांचे हात शिवशिवतात. कुणीतरी येईल आणि म्हणेल, हजार खड्डे खणू, गिरिपुष्प लावू. गोड बोलून त्यांना गावठाणाकडे, रस्त्याकडे, शाळेकडे वळव. काळवीट जगतं ते लांबवरचं दिसतं म्हणून आणि धावायला मोकळं रान मिळतं म्हणून. दाट झाडोऱ्यात त्याला लांडगा जवळ येईपर्यंत दिसत नाही. चंडोल, धाविक, पखुर्डी ही सगळी उघड्या जमिनीवर अंडी घालणारी मंडळी, त्यांना सावलीचं जंगल करून दिलंस तर ती निघून जातील. थंडीत भोवत्या येतो तोही माळाच्या टोळांसाठी आणि रात्री गवतात बसायला. बोर, हिवर, तरवड, हिंगणबेट आपले आपण उगवले असतील तेवढे पुरेत. बोराच्या जाळ्या मात्र तोडू देऊ नकोस. चिंकारा पाण्याविना दिवसच्या दिवस काढतो तो अशाच पाल्यावर आणि फळांवर.

आता उन्हाळ्याचं. मार्च ते जून सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात माळावर उगाच फिरू नकोस, कुणाला फिरू देऊ नकोस. फोटो काढणाऱ्यांना तर मुळीच नाही. टिटवी दुपारी अंड्यांवर उभी राहते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. मधूनच पाण्याकडे जाते, पोट भिजवते आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते. तुझ्या पावलांनी ती उठली आणि लांबून ओरडत राहिली, तर तेवढ्यात उन्हानं अंडी उकडतात. आणि हो, टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असं गावात सांगतील. ऐकून घे, पण त्यावर पेरणीचा सल्ला देऊ नकोस.

पाणवठ्याचा उत्साह आवर. दर फर्लांगावर टाकी बांधली की तिथं गुरं, शेळ्या, हरणं एकत्र जमतात. भोवतीचं गवत उखणून जातं आणि रोग पसरतो. थोडेच ठेव. पाणवठ्याची बशी उतरत्या काठाची हवी, उभ्या काठाच्या टाकीत खार, सरडा, मधमाशी बुडून मरते. बशीत दोन-चार दगड टाक. एका अंगाला उघडं रान असू दे, जनावराला भोवतीचं दिसलं पाहिजे. एकदा भरायला सुरुवात केलीस की पाऊस लागेपर्यंत खंड पाडायचा नाही. सवय लागलेलं जनावर मे महिन्यात कोरड्या बशीवर येतं आणि तिथून थेट गावातल्या विहिरीकडे वळतं. शिकारीही पाण्याशीच दबा धरतो, तेव्हा तारेचे फास बघत जा.

लांडग्याची खबर मेंढपाळांकडे असते. त्यांच्या वाड्यावर चहाला बसत जा, पण चौकशीची वही बाहेर काढू नकोस.

सगळ्यात जास्त लक्ष घाल ते शेततळ्यात. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि प्लास्टिकचा कागद घातलेली तळी जागोजाग झाली. त्या कागदावर खूर ठरत नाही. हरीण पाणी प्यायला उतरतं, घसरतं आणि चारी बाजू पोहत फिरून दमून बुडतं. प्रत्येक तळ्याला कोपऱ्यात गाठी मारलेला जाड दोर किंवा जुन्या टायरांची माळ सोडायला सांग. वरचं टोक बांधावरच्या खांबाला बांधायचं, कागदाला भोक पाडायचं नाही. शेतकऱ्याला पुण्य सांगू नकोस. खुरांनी कागद फाटतो आणि मेलेलं जनावर पाणी नासवतं एवढं सांग, तो त्याच दिवशी टायर शोधायला लागेल. एप्रिलमध्ये मात्र परत जाऊन बघ. भरल्या तळ्यात मापून सोडलेला दोर तोवर पाण्याच्या हातभर वर लोंबकळत असतो.