मंदावलेला संगणक

संगणक जुना झाला की तो मंदावतो. बटण दाबल्यावर काम सुरू करायला पाच-पाच मिनिटे लागतात. एखादी फाइल उघडायला सांगावी, तर पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. दुरुस्तीच्या दुकानात नेला की तेथील कारागीर म्हणतो, "फॉरमॅट मारावे लागेल." आपणही मान डोलावतो. पण फॉरमॅट मारणे म्हणजे नेमके काय? आणि त्या वेळी आत साठवलेल्या आपल्या लेखांचे, फोटोंचे काय होते?

हे समजण्यासाठी आधी हार्ड डिस्क पाहू. तिच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. चकत्यांवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. बऱ्याच संगणकांत ही चकती मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. तिच्यावरून एक बारीक टोक आत-बाहेर सरकते आणि माहिती वाचते किंवा लिहिते. आयबीएम कंपनीने १९५६ साली अशी पहिली यंत्रणा आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये त्याच्या हजारो पट माहिती बसते.

वापर वाढतो तशी डिस्क भरत जाते. आपण जुन्या फाइली पुसतो, तेव्हा मधे मधे मोकळ्या जागा पडतात. नवी मोठी फाइल त्या जागांत तुकड्यांनी बसवली जाते. ती वाचताना टोकाला इकडून तिकडे धावावे लागते. त्यातच कधी तरी हौसेने घातलेले अनेक प्रोग्राम संगणक सुरू होताच आपोआप जागे होतात. कधी विषाणूही शिरलेला असतो. अशा वेळी फॉरमॅटचा खरोखर उपयोग होतो. मात्र डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती डिस्क निकामी होण्याच्या वाटेवर आहे. तिथे फॉरमॅट मारण्यात वेळ घालवू नये. आतली माहिती लगेच दुसरीकडे उतरवून घ्यावी आणि डिस्क बदलावी. संगणकाची रॅम कमी असेल, तर फॉरमॅटनंतर चार दिवस बरे वाटते. पुढे पुन्हा तोच संथपणा. फिरती चकती काढून त्या जागी एसएसडी बसवली, तर फरक याहून कितीतरी अधिक पडतो. तिच्यात फिरणारा भागच नसतो.

आता फॉरमॅटकडे वळू. पाटी ओल्या फडक्याने पुसावी तसे हे काम असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात झटपट फॉरमॅटमध्ये पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते. पाने तशीच राहतात. कोणती फाइल कुठे आहे हे संगणकाला कळत नाही, म्हणून तो सारी जागा मोकळी समजतो आणि तिच्यावर नवे लिहीत जातो. जुना संगणक विकणाऱ्याने हे जरूर ध्यानात ठेवावे. झटपट फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून जाणकार माणूस बरीचशी माहिती परत काढू शकतो. आपली फाइल मात्र चुकून गेली, तर ती परत मिळेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

म्हणून खरे काम फॉरमॅटच्या आधी असते. समजा, शाळेच्या वार्षिकांकाचे उर्दू लेख त्या संगणकात आहेत. ते पेन ड्राइव्हवर उतरवले आणि निश्चिंत झालो, असे चालत नाही. लेख इनपेजमध्ये टाइप केले असतील, तर ते नीट उघडायला इनपेज हवेच. दुसऱ्या प्रोग्राममध्ये टाइप केलेल्या लेखांना त्यांचा फाँट लागतो. फाँट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात आणि फॉरमॅटबरोबर तेही जातात. मग नस्तालिकमध्ये सजवलेले पान नस्खसारख्या भलत्याच वळणात दिसते, ओळी सरकतात, शीर्षके तुटतात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड्या हाताने लिहून १९८१ साली नूरी नस्तालिक तयार केले, तेव्हा कुठे हे सुंदर वळण यंत्रावर आले. तेव्हा लेखांबरोबर फाँट आणि प्रोग्रामची मूळ प्रतही जपावी. डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये पडलेल्या फाइलींकडेही पाहावे. नेमक्या त्याच विसरल्या जातात. उतरवलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीचा असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल तो घेत नाही, हेही लक्षात असावे.

यानंतर विभाजन. एका मोठ्या खोलीत मधे भिंत घालून दोन खोल्या कराव्यात, तसे डिस्कचे दोन भाग करतात. एका भागाला 'सी' म्हणतात, दुसऱ्याला बहुधा 'डी'. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून सुरुवात 'सी'पासून. समजा, ५०० जीबीची डिस्क आहे. पडद्यावर ती ४६५ जीबी दिसेल. दुकानदाराने फसवले असे समजू नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. यातले १०० ते १२० जीबी विंडोज आणि प्रोग्रामसाठी 'सी'ला द्यावे, उरलेले आपल्या कामासाठी 'डी'ला. डिस्कचा सुरुवातीचा भाग चकतीच्या बाहेरच्या कडेला असतो. तिथे एका फेरीत अधिक माहिती वाचली जाते, त्यामुळे 'सी' तिथे असणे सोयीचेच.

हे काम विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून करतात. पडद्यावर भागांची यादी येते. तिथे नाव पाहून घाई करू नये, आकार पाहावा. नाहीतर जोडलेला पेन ड्राइव्हच पुसला जाण्याचा धोका असतो. वीज जाण्याची भीती असेल, तर यूपीएस नसताना भाग पाडायला बसू नये. मध्येच वीज गेली, तर भागांची नोंदच बिघडू शकते. विंडोज १० ला कंपनीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घालण्याचा विचार करता येतो. मात्र इनपेज विंडोजसाठी बनलेले आहे, म्हणून वार्षिकांकाचा संगणक लिनक्सवर नेण्यापूर्वी थांबून विचार करावा.

सगळे झाल्यावर आधी फाँट घालावेत, मग इनपेज, आणि लेख 'डी'मध्ये ठेवावेत. पुढच्या वेळी फक्त 'सी' फॉरमॅट करता येईल आणि 'डी'ला हात लागणार नाही. पण दोन्ही भाग एकाच चकतीवर आहेत. चकती बिघडली तर दोन्ही जातात. म्हणून वार्षिकांकाची आधी उतरवलेली प्रत पुसून टाकू नये. ती वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या कपाटात ठेवावी.