संन्याशाची फाईल

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा जो इतिहास आपण वाचतो, तो मुख्यत्वे लढलेल्यांनी सांगितलेला आहे. ज्या राजवटीविरुद्ध ते लढले तिनेही आपल्या परीने या लढ्याची नोंद ठेवली. कोण कोणत्या गावी गेला, कोठे उतरला, काय बोलला, हे पाळतीवरचा माणूस वर कळवीत असे. धर्मकार्यातील माणसांविषयीचे असे गोपनीय कागद आज अभ्यासकाला खुले असावेत काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३. हिप्परगा व अंबाजोगाई येथे त्यांनी शिक्षकी केली. १९३८ च्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, १९४० मध्ये पुन्हा गेले आणि १५ ऑगस्ट १९४७ ला पुन्हा पकडले गेले. अशा माणसाने सरकारची मोठी पंचाईत होते. जप्त करावी अशी मालमत्ता नाही, धाक घालावा असा संसार नाही. शिवाय भगव्या वस्त्रातला माणूस देवळात दहा जणांशी बोलत बसला, तर त्याला प्रवचन म्हणावे की सभा? हाच पेच निजामी अंमलदारांना आर्य समाजाच्या उपदेशकांबाबत पडला. उपदेशकांवर निर्बंध घालून आणि धार्मिक कार्यक्रमांना परवानगीची अट लावून त्यांनी तो सोडवू पाहिला; त्यातून १९३८-३९ चा आर्य सत्याग्रह पेटला. उदगीरचे भाई श्यामलाल डिसेंबर १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात वारले. महात्मा नारायण स्वामी १९३९ मध्ये पकडले गेले. परवानगीची अट आली की अर्ज येतो, अर्जामागून चौकशी येते, आणि चौकशीची फाईल होते.

अशा फायली उघडल्याने आकाश कोसळत नाही, याचा दाखला जवळचाच आहे. मुंबई सरकारने आपल्या दप्तरातील कागदांवरून स्वातंत्र्यचळवळीची साधने १९५७ आणि १९५८ मध्ये ग्रंथरूपाने छापली. गणेशोत्सवाकडे इंग्रज अधिकारी कोणत्या नजरेने पाहत होते, हे त्यांतून कळते. नेताजींच्या फायलींबाबत तर पिढ्यान्‌पिढ्या मागणी चालली होती; २०१५ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने ६४ फायली खुल्या केल्या, आणि बोस कुटुंबावर स्वातंत्र्यानंतरही पाळत होती हे उघड झाले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याच्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, राष्ट्राची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार व मंत्रिमंडळाचे कागद यांसारखे अपवाद वगळता, द्यावी लागते. कलम २४ ने मात्र गुप्तवार्ता विभागासारख्या संस्थांना बाहेर ठेवले आहे. तेथेही मानवी हक्कांच्या भंगाचा आरोप असेल तर केंद्रीय माहिती आयोगाच्या संमतीने माहिती मिळू शकते. अर्ज करताना 'सर्व माहिती द्यावी' असे लिहू नये. खाते, साल आणि नाव स्पष्ट लिहावे, आणि आधी फायलींची सूची मागावी. नष्ट केलेल्या कागदांची यादीही मागावी. ती यादीच पुष्कळदा बोलकी असते.

आपल्यापुरती खरी अडचण निराळीच आहे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. जुन्या राज्याचे दप्तर हैदराबादलाच राहिले. ते आहे उर्दूत, आणि हाताने लिहिलेले घसटे उर्दू वाचणे छापील उर्दू वाचण्याइतके सोपे नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला शाळेत उर्दू होते. आपण फाईल खुली करा म्हणून मागणी करावी आणि ती समोर आल्यावर वाचता येऊ नये, हे काही शोभणारे नाही. इतिहासाच्या दोन-चार विद्यार्थ्यांनी तरी ही लिपी शिकावी.

अशी फाईल वाचताना सावध असावे लागते. खबऱ्याला खबरीचे मोल मिळते, म्हणून तो खबर वाढवून सांगतो. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवटीच्या गुप्त पोलिसांचे कागद बाहेर आले, आणि वॉर्साचे आर्चबिशप स्तानिस्लाव विएल्गुस यांना जानेवारी २००७ मध्ये पद सोडावे लागले; त्यांचेच त्या पोलिसांशी संबंध होते असे दिसले. आपल्या फायलींतही उद्या कोणाच्या आजोबांचे नाव खबऱ्या म्हणून निघेल. ते खरे असेल, किंवा एखाद्या जमादाराने महिनाअखेरीस भरून टाकलेले असेल. दुसऱ्या पुराव्यावाचून ते नाव गावात घेणे हा अन्याय होईल.

आणि फाईल मागायची तर सोयीचीच मागून चालत नाही. पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यात जे घडले, त्याच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे २९ नोव्हेंबर १९४८ ला हैदराबादला आले. सोळांपैकी नऊ जिल्हे ते फिरले आणि १०९ गावांतील पाचशेवर लोकांशी बोलले. रझाकारांचे अत्याचार त्यांनी नोंदविले आणि त्यानंतर मुसलमानांवर उलटलेली सूडाची लाटही नोंदविली. राज्यात निदान २७ ते ४० हजार माणसे गेली, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक हानीचे चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपला नांदेड. लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असे त्यांनी लिहिले. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणारे हिंदूही त्यांना भेटले. सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो पाहता येऊ लागला तेव्हा २०१३ साल उजाडले होते. तोवर तो सांगणारी आणि ऐकणारी बहुतेक माणसे गेली होती.

निजामाच्या पोलिसांनी स्वामीजींविषयी काय लिहिले, हे जाणण्याचा आपल्याला जेवढा हक्क आहे, तेवढाच एका पंडिताने, एका काझीने आणि एका मौलानाने आपल्या गावांविषयी काय लिहिले हे जाणण्याचा आहे. मेजर जनरल चौधुरी यांच्या लष्करी राजवटीतील नांदेड जिल्ह्याच्या कागदांची सूची मागणे, ही त्याची पहिली पायरी होऊ शकेल. अर्ज एका पानात मावतो. दिल्लीला पाठवायचा तर मात्र तो हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावा लागेल.