काळी, पांढरी आणि बेथेल

शास्त्रपाठ : उत्पत्ती २८ : १०-२२



आपल्या खेड्यांत पिकाच्या जमिनीस काळी व वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. राख, शेण व पडक्या भिंती पिढ्यानपिढ्या एकावर एक साचून पांढरी बनते. ती शेतास चांगले खत होते, म्हणून पुष्कळ जण जुन्या टेकाडांची माती गाड्या भरून नेतात. तसे करण्यापूर्वी हा धडा वाचावा.

छत्रपती संभाजीनगराच्या नैर्ऋत्येस, प्रवरेच्या तीरी, नेवासे आहे. तेथील लाडमोड नावाच्या टेकाडात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी सन १९५४ पासून उत्खनन केले. खालच्या थरांत तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. त्या लोकांपाशी लोखंड नव्हते. दगडाची पाती व थोडे तांबे एवढेच होते. लेकरू मेले असता ते दोन मडक्यांत, तोंडास तोंड लावून, घराच्याच भुईखाली पुरीत. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. त्या आईचे नाव कोठे लिहिलेले नाही. तिचे दुःख मात्र त्या मातीने राखून ठेविले.

आता जालन्याजवळील बेथेल पाहा. रेव्ह. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा सन १८४३ त मुंबईस झाला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनचे सेवक असता त्यांनी हे गाव वसविले. ज्या मांग व महार कुटुंबांस गावकुसाबाहेर राहावे लागे, त्यांतील कित्येकांस येथे स्वतःची पांढरी व उपासनामंदिर लाभले. याकोबाने उशाचा धोंडा उभा करून ज्या स्थळास देवाचे घर म्हटले, त्याचेच हे नाव.

त्याच स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर सन १८५० च्या वादळाने वाळू उडून स्कारा ब्रे ही सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी वस्ती उघडी पडली. सन ११३७ त आरंभिलेले सेंट मॅग्नसचे मंदिरही तेथेच आहे. दोन्ही आज जपली जातात. आपणही तसेच करावे. ज्यांच्या वाडवडिलांस पांढरीबाहेर ठेविले गेले, त्यांनी तरी कोणाची पांढरी उकरून टाकू नये. खापर, मणी वा पुरलेले मडके दिसल्यास फावडे थांबवून तहसील कचेरीत कळवावे. मंदिरातील बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या वाळवीपासून राखाव्या, व थडग्यांवरील नावे चुन्याखाली झाकू नयेत.

वर्गासाठी प्रश्न :
१. आपल्या गावची सर्वांत जुनी पांढरी कोठे आहे?
२. आपल्या मंडळीचे पहिले कुटुंब कोणते, व हे कोठे लिहिलेले आहे?