नेतृत्वाचा अभ्यास आणि आपला स्वभाव

शास्त्रभाग : निर्गम १८:१३-२७, मार्क १०:४२-४५

पुढारी जन्मावाच लागतो, तो घडविता येत नाही, असा समज आपल्यात खोलवर रुजलेला आहे. मंडळीतील एखादा तरुण चार माणसांना हाताशी धरून काम करू लागला, की 'याच्या अंगी उपजतच गुण आहे' असे म्हणून आपण त्याच्या गळ्यात जबाबदारी घालतो व मोकळे होतो. त्या गुणाला शिक्षणाची आणि प्रसंगी छाटणीचीही गरज असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. नेतृत्वाविषयी विद्वानांनी जे सिद्धांत मांडले, त्यांच्या अभ्यासाने आपल्या स्वतःच्या नेतृत्वात काही फरक पडतो काय, हा या पाठाचा विषय आहे.

गुणांकडून परिस्थितीकडे

टॉमस कार्लाइल यांनी १८४० साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत असा विचार मांडला, की जगाचा इतिहास हा मूलतः थोर पुरुषांचा इतिहास होय. या विचाराचा पगडा पुष्कळ काळ टिकला. पुढाऱ्याच्या अंगी कोणते गुण असतात, याच्या लांबलचक याद्या होऊ लागल्या. परंतु १९४८ साली राल्फ स्टॉगडिल या अमेरिकन अभ्यासकाने तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखविले, की केवळ काही गुण अंगी असल्याने कोणी पुढारी होत नाही. माणसे कोण आहेत, काम कोणते आहे आणि प्रसंग कसा आहे, यांवरही पुष्कळ अवलंबून असते. एका ठिकाणी यशस्वी झालेला मनुष्य दुसऱ्या ठिकाणी अपयशी का ठरतो, याचा उलगडा येथे होऊ लागतो.

मोशेचेच पाहा. फारोपुढे निर्भयपणे उभा राहणारा हा देवाचा सेवक रानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसे. त्याच्या निष्ठेत उणेपणा नव्हता, पद्धतीत होता. त्याचा सासरा इथ्रो याने तो दाखवून दिला. तू स्वतः थकशील आणि लोकही थकतील, अशी त्याची समजूत घालून, लायक, देवभीरू व लाचेचा द्वेष करणारी माणसे निवडून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नेमावीत, अशी व्यवस्था त्याने सुचविली. विशेष हे, की मोशेने ती ऐकली.

आरशात दिसलेला चेहरा

प्रस्तुत लेखक महाराष्ट्राबाहेरील एका औद्योगिक शहरातील मराठी मंडळीत अनेक वर्षे तरुण संघाचा चिटणीस होता. नाताळचा कार्यक्रम म्हणजे माझेच राज्य. गीते मी निवडावयाची, नाटिका मी बसवावयाची, पेटी आणि गीतपुस्तके ठेवलेल्या कपाटाची किल्लीही माझ्याच खिशात. एका वर्षी डिसेंबरात मी विषमज्वराने अंथरुणाला खिळलो आणि कार्यक्रम झालाच नाही. बरा झाल्यावर मी तरुणांना बेजबाबदार म्हटले. तेव्हा एक मुलगी शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही आम्हांला किल्ली तरी कधी दिली होती?" मला राग आला, उत्तर मात्र सुचले नाही.

पुढे कामाच्या ठिकाणी झालेल्या एका प्रशिक्षणवर्गात कुर्ट लेविन यांच्या प्रयोगाची माहिती मिळाली. हिटलरच्या उदयानंतर, १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या या मानसशास्त्रज्ञाने रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांच्यासह आयोवा येथे शाळकरी मुलांच्या छोट्या मंडळांचा अभ्यास केला. तो १९३९ साली प्रसिद्ध झाला. काही वेळा मंडळाचा प्रमुख सर्व हुकूम स्वतःच सोडी. काही वेळा मुलांशी विचारविनिमय करून काम ठरे. आणि काही वेळा प्रमुख काहीच न करता मुलांना मोकळे सोडी. हुकूमशाही पद्धतीत प्रमुख हजर असेपर्यंत काम चांगले चाले. तो खोलीबाहेर गेला की ते ढासळे. विचारविनिमयाच्या पद्धतीत तो बाहेर गेल्यावरही मुले कामाला लागलेली असत.

हे ऐकताना मला त्या मुलीचा प्रश्न आठवला. माझा आजार म्हणजे प्रमुखाचे खोलीबाहेर जाणे होते. जे मी वर्षानुवर्षे 'तळमळ' म्हणून मिरवीत होतो, त्याला दुसरेही नाव आहे, हे मला प्रथमच कळले. सिद्धांताचा हा पहिला उपयोग होय. आपली जी वागणूक आपल्याला स्वाभाविक वाटते, तिला तो नाव देतो, आणि नाव मिळाले म्हणजे तिच्याकडे तटस्थपणे पाहता येते.

अर्धवट अभ्यासाचा धोका

परंतु येथेच मी दुसरी चूक केली. आता सर्व काही तरुणांवर सोपवावयाचे, असे मी ठरविले. नुकत्याच संघात आलेल्या एका लाजाळू मुलाकडे मी ईस्टरच्या कार्यक्रमाची सूत्रे दिली. त्याला काही शिकविले नाही, मध्ये विचारपूसही केली नाही. याला मी लोकशाही समजत होतो. वस्तुतः लेविन यांच्या प्रयोगातील ती तिसरी पद्धत होती, आणि तिच्यात काम सर्वांत कमी झाले होते. भर उपासनेत त्या मुलाची फजिती झाली. त्यानंतर तो संघात आला नाही. मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने ती केलीही. पण तो परत आला नाही, आणि ती खंत आजही मनात आहे.

पॉल हर्सी व केनेथ ब्लँचर्ड यांनी १९६९ साली मांडलेला विचार मी आधी वाचला असता तर बरे झाले असते. नवख्याला स्पष्ट सांगावे लागते. थोडे शिकलेल्याला पटवून द्यावे लागते. पुढे त्याला निर्णयात सहभागी करून घ्यावे लागते. आणि तयार झालेल्यावर काम सोपवावे लागते, असा त्याचा साधारण आशय आहे. या सिद्धांताला संशोधनाचा आधार पुरेसा नाही, अशी टीका पुढील अभ्यासकांनी केली आहे, आणि ती विचारात घेतली पाहिजे. कोणताही सिद्धांत शास्त्रवचन नव्हे. तरीही 'समोरचा मनुष्य आज कोठे उभा आहे?' हा प्रश्न विचारण्याची सवय त्याने लागते. इथ्रोनेही काम वाटून देण्यापूर्वी लोकांना विधी व मार्ग शिकवावयास मोशेला सांगितले होते, हे विसरू नये.

सेवक प्रथम

डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० साली आणखी खोल प्रश्न विचारला : माणसांविषयी आपली मूळ समजूत काय आहे? माणसे कामचुकार असतात असे मानणारा पहारा ठेवतो. त्यांना जबाबदारी आवडू शकते असे मानणारा वाव देतो. किल्ली खिशात ठेवणारा मी कोणत्या गटात होतो, हे सांगावयास नको.

रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी एका मोठ्या अमेरिकन दूरध्वनी कंपनीत दीर्घकाळ नोकरी केल्यानंतर १९७० साली एक निबंध लिहिला. पुढाऱ्याने प्रथम सेवक असावे, आणि ज्यांची सेवा केली ती माणसे वाढतात की नाही यावरून त्याची पारख व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. मार्कच्या शुभवर्तमानातील प्रभूची शिकवण जाणणाऱ्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. पण परिचित वचनाखाली आपण निश्चिंतपणे झोपी जातो. अशा वेळी परका आवाज जागे करतो.

हे सिद्धांत मांडले जाण्यापूर्वीच पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या निराधार मुलींच्या हाती विविध उद्योग दिले. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराच्या छपाईचे कामही तेथील स्त्रियांनी शिकून केले. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या. मुक्तीचे काम थांबले नाही. सिद्धांत वाचल्यानेच चांगले नेतृत्व येते असे नव्हे, हे यावरून दिसते. परंतु ज्यांना ते सहज साधत नाही, अशा आपल्यासारख्यांना अभ्यासाचा आधार लागतो.

म्हणून कोणताही सिद्धांत वाचताना तो इतरांना लावून पाहण्याचा मोह टाळावा. 'आमचे पाळक हुकूमशहा आहेत' असे म्हणणे सोपे असते. आधी आपली एक घटना आठवावी, ती त्या सिद्धांताच्या उजेडात तपासावी, आणि ज्यांच्याबरोबर आपण काम करतो त्यांपैकी एकाला आपल्याविषयी खरे सांगण्याची विनंती करावी. हे तिसरे सर्वांत कठीण आहे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपण महिनाभर आजारी पडलो, तर आपल्याकडील कोणते काम बंद पडेल? ते का?

२. मोशेला सल्ला देणारा मनुष्य घरातला होता. आपल्या घरातील कोणाचा सल्ला आपण टाळत आहोत?

३. आपण ज्याच्यावर जबाबदारी टाकली, त्याला ती पार पाडावयास पुरेसे शिकविले काय? नसल्यास या आठवड्यात त्याची भेट घ्यावी.