नियोजित पद आणि नवा कर्मचारी : मेळ कसा घालावा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास बँक जुळवणी पत्रक अपरिचित नाही. एकच व्यवहार रोखपुस्तकात एका तारखेस व पासबुकात दुसऱ्या तारखेस दिसतो. दोन्ही नोंदी एकाच व्यवहाराच्या आहेत हे ओळखावे लागते. मनुष्यबळ नियोजनातही असाच प्रश्न येतो. मोठ्या संस्थांत आज हे नियोजन संगणकावर होते. वर्षाच्या आरंभी अमुक खात्यात अमुक पद, अमुक महिन्यापासून, अमुक वेतनावर, अशा रिकाम्या जागा त्यात मांडून ठेवतात. पुढे माणूस रुजू झाला की त्याची नोंद आस्थापना शाखेकडून येते. ही नवी नोंद नेमकी कोणत्या जागेची, हे ठरविणे म्हणजेच मेळ घालणे. प्रस्तुत लेखात त्याची पद्धत पाहू.

पद आणि व्यक्ती

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पद वेगळे, व्यक्ती वेगळी. सरकारी कार्यालयात मंजूर, भरलेली व रिक्त पदे असा हिशेब ठेवतात तो याच तत्त्वावर. आपण मराठीत ‘हुद्दा’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘हुद्दे’ म्हणतात. ‘खाली हुद्दे’ म्हणजे रिक्त पद. माणूस सोडून जातो, हुद्दा मागे राहतो. सॅप या प्रणालीत पदास ‘एस’ आणि व्यक्तीस ‘पी’ अशी स्वतंत्र चिन्हे आहेत, ती याचसाठी.

मेळ न घातल्यास काय होते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्याने एप्रिल ते मार्च या वर्षासाठी लेखा सहायकाची 3 पदे नियोजिली. वेतन दरमहा 30,000 रुपये. एक पद 1 जूनपासून, दोन पदे 1 ऑक्टोबरपासून. पहिल्याचा 10 महिन्यांचा खर्च 3,00,000 रुपये, दुसऱ्या दोहोंचा 6 महिन्यांचा 3,60,000. एकूण तरतूद 6,60,000 रुपये.

प्रत्यक्षात पहिला सहायक 1 जुलै रोजी 32,000 रुपयांवर रुजू झाला. त्याचा 9 महिन्यांचा खर्च 2,88,000 रुपये. त्याची नोंद प्रणालीत आली, पण जूनच्या पदाशी जोडली गेली नाही, तर ते पद ‘भरावयाचे’ म्हणून तसेच राहते. एकूण खर्च 9,48,000 रुपये दिसतो. एकाच खुर्चीचा खर्च दोनदा धरला गेला! खरा आकडा 6,48,000 रुपये, म्हणजे तरतुदीपेक्षा 12,000 रुपयांनी कमीच आहे.

हा केवळ कागदावरचा दोष नव्हे. 2,88,000 रुपये जादा खर्च होणार असे पाहून व्यवस्थापक ऑक्टोबरची भरती थांबवू शकतो. पदवी हातात घेऊन उभ्या असलेल्या दोघांची नोकरी एका न जुळलेल्या नोंदीपायी जाते, आणि त्याचे कारण त्यांना कधीच कळत नाही.

मेळ घालण्याचा क्रम

1. पदक्रमांक : भरतीच्या मागणीपत्रावर जो पदक्रमांक असतो तोच नेमणुकीच्या आदेशावर व कर्मचाऱ्याच्या नोंदीत यावा. क्रमांक तंतोतंत जुळला की काम संपले. वर्कडे प्रणालीत पदनिहाय पद्धत निवडली असेल, तर खुले पद असल्याशिवाय नेमणूकच करता येत नाही.

2. गुणधर्म : क्रमांक नसेल तर खाते, हुद्दा, वेतनश्रेणी व ठिकाण जुळवावे. तारीख मात्र तंतोतंत मागू नये. नियोजित तारखेच्या मागेपुढे किती दिवस चालतील, ती मर्यादा आधी ठरवावी.

3. निर्णय : एकच पद जुळले तर ते सुचवावे. एकाहून अधिक जुळली तर संगणकावर न सोडता संबंधित खातेप्रमुखास विचारावे. एकही न जुळल्यास ती ‘अनियोजित नेमणूक’ म्हणून वेगळी दाखवावी. ओढूनताणून जोडू नये.

4. नोंद : मेळ बसल्यावर नियोजित पद ‘भरले’ असे दाखवावे, पुसून टाकू नये. मूळ आकडा राहिला तरच फरकाचे विश्लेषण होते. वरील उदाहरणात एक महिना उशीर झाल्याने 30,000 रुपये वाचले आणि वेतन वाढल्याने 9 महिन्यांत 18,000 रुपये जादा गेले. निव्वळ बचत 12,000. मूळ नोंद पुसली तर हे दोन्ही आकडे हरवतात.

सावधगिरी

सोडून गेलेल्या माणसाच्या जागी कोणी आला असेल, तर त्याला नव्या वाढीव पदावर बसवू नये. तसे केल्यास वाढीव पद गुपचूप खर्ची पडते आणि जुनी जागा रिकामी दिसत राहते. तसेच दोन अर्धवेळ माणसे मिळून एक पद भरत असतील, तर प्रत्येकी अर्धे पद मोजावे.

आपल्या सीमाभागात आणखी अडचणी आहेत. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, हुबळीचे हुब्बळ्ळी. एका यादीत जुने नाव व दुसरीत नवे असेल, तर संगणकास ती दोन गावे वाटतात. माणसांच्या नावांचेही तेच. कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी गावाचे व वडिलांचे आद्याक्षर पुढे लावतो. नियोजित पदाला तर नावच नसते. म्हणून नावावर विसंबून न राहता ठिकाणांसाठी एकच संकेतयादी ठेवावी. 04/05 ही तारीख 4 मे की 5 एप्रिल, हेही आधी ठरवून घ्यावे.

विद्यार्थिमित्रांनी साध्या तक्त्यावर हा अभ्यास अवश्य करावा. डावीकडे दहा पदे, उजवीकडे आठ नेमणुका लिहाव्यात आणि वरील क्रमाने जुळवाव्यात. शेवटी भरलेली, रिक्त व अनियोजित अशा तीन याद्या उरतील. भरलेली आणि रिक्त पदे मिळून मूळ दहा झाली, तसेच भरलेल्या पदांवरील आणि अनियोजित नेमणुका मिळून आठ झाल्या, म्हणजे एकही नोंद सुटली नाही. मात्र योग्य माणूस योग्य पदावर बसला की नाही, हे बेरीज सांगत नाही. ते नेमणुकीचा आदेश हाती घेऊनच पाहावे लागते.