झिऱ्यावरचा सॅलॅमँडर

सॅलॅमँडर हा बेडकाप्रमाणेच उभयचर वर्गातील प्राणी होय. आकार पालीसारखा, पण अंगावर खवले नाहीत. महाराष्ट्रात तो आढळत नाही. भारतात दार्जिलिंगच्या डोंगरात आढळतो. प्रस्तुत लेखात कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातल्या ‘मौंट लायल सॅलॅमँडर’ या जातीचा विचार केला आहे.

१९१५ साली योसेमिटीच्या उंच भागात चार्ल्स कॅम्प या बावीस वर्षांच्या अभ्यासकाने उंदरांसाठी सापळे लावले होते. त्यांत उंदरांऐवजी दोन सॅलॅमँडर सापडले. पुढल्याच वर्षी त्याने या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

हा प्राणी शोधायचा कोठे? ‘झिरा’ हा शब्द मला पुस्तकाआधी घरी कळला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला; आई चैत्रात झिऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरते. सिएरा नेवाडात उन्हाळ्यात बर्फ वितळते आणि पाणी ग्रॅनाइटच्या भेगांतून झिरपत कातळावर पसरते. त्या ओल्या पट्ट्यात, सपाट दगडांखाली हा प्राणी दडतो आणि रात्री बाहेर पडतो.

यामागे कारण आहे. त्याला फुप्फुसेच नसतात. तो मुख्यतः त्वचेवाटे श्वास घेतो आणि त्यासाठी त्वचा सतत ओली लागते. गोठणबिंदूजवळच्या थंडीतही तो हिंडतो. निसरड्या उतारावर शेपटी काठीसारखी टेकून चालतो. डिवचल्यास अंगाचे वेटोळे करून उतारावरून गडगडत जातो.

शोधणाऱ्याने हात ओले ठेवावेत. दगड अलगद उचलावा. प्राणी दिसल्यास त्याला बाजूला घेऊन दगड आधी होता तसा ठेवावा, मग त्याला कडेशी सोडावे. तो आपण होऊन आत शिरतो. उलट केल्यास तो चिरडतो. दगड उलथाच राहिला तर खालची ओल वाळते, म्हणजे त्याचे घरच जाते.

हवामान तापत आहे. बर्फ लवकर सरले तर झिरेही लवकर आटतील. धरणांचे आकडे आपण परीक्षेसाठी पाठ करतो, पण वाटीभर पाण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्या वाटीभर पाण्यावर माणसेही जगतात आणि असे मुके जीवही. आपल्या सह्याद्रीतले देवगांडूळ असेच ओल्या मातीत, दगडाखाली राहते. साप समजून लोक ते ठेचतात.

मित्रहो, सुटीत गावी गेल्यावर आपला झिरा कोणत्या महिन्यात आटतो, एवढे तरी वहीत टिपून ठेवू या. दरवर्षी टिपले, तर तोही अभ्यासच ठरेल.