डॉक्टर, आमच्या शाळेत कधी येता?

“डॉक्टर, याचं अभ्यासात लक्षच नाही. फळ्यावरचं निम्मंच उतरवून आणतो.” अशी तक्रार घेऊन आई आली, की मी मुलाला आधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावतो. कितीतरी वेळा उत्तर तिथेच मिळतं. सगळ्यांनाच असं अंधूक दिसतं अशी त्याची समजूत असते, म्हणून तो घरी काही बोलत नाही. अशा मुलाला शोधायचं तर शाळेतच जायला हवं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं, मुलं तपासतं, पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी पुष्कळदा दप्तरातच चुरगळते.

म्हणून माझ्या बालरोगतज्ज्ञ मित्रांना विनंती, की नवं शिबिर भरवू नका, जवळची एक शाळा धरा. महिन्यातली एक सकाळ पुरे. मुख्याध्यापकांकडून चिठ्ठी दिलेल्या मुलांची यादी घ्या. चष्मा झाला का, कान दाखवला का, किडका दात तसाच आहे का, एवढं विचारत राहा. शिक्षकांना डोळे तपासायला शिकवा: मूल तक्त्यापासून ६ मीटरवर, एका वेळी एक डोळा झाकलेला, पण दाबलेला नाही.

पालकसभेलाही जा. लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते, हे आधी सांगितलं तर घरचे घाबरत नाहीत. ती उपाशीपोटी न देता जेवणानंतर दिली, तर मळमळही कमी होते. १० फेब्रुवारीला जंताची गोळी मिळते तेव्हा तापाने फणफणलेल्या मुलाला थांबवायचं आणि बरं झाल्यावर द्यायची, हेही तिथेच सांगता येतं.

दोन पथ्यं मात्र पाळा. कुणाचंही वजन वर्गात मोठ्याने वाचू नका; त्या दिवसापासून पोराला टोपणनाव चिकटतं. आणि आपल्या दवाखान्याची कार्डं वाटू नका.

पालकांनो, सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य तुमच्यातलेच असतात. डॉक्टरांना बोलावण्याचा विषय तुम्हीच मांडा. पुढच्या लसीला जाल तेव्हा एक प्रश्न सोबत न्या: “डॉक्टर, आमच्या शाळेत कधी येता?” मला कुणी असं विचारलं, तर टाळणं जड जाईल.